मधला फर्मा

"तीन! दहापैकी तीन! आणि तेही बाईंनी दया करून दिलेत, अक्षर चांगलं आहे म्हणून."

सुनेने उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर आपटली. कागदच तो, आवाज काही झाला नाही. त्यामुळे तिचा राग आणखी वाढला.

"अक्षर चांगलं आहे हे काय कमी आहे?" आजीचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला.

"तू मधे पडू नकोस. चार महिन्यांवर वरच्या शाळेची परीक्षा आलीय, त्यात पंचवीस मार्कांचा निबंध असतो. आणि हिने काय लिहिलंय? विषय 'माझे घर'. इतका सरळ विषय! मी चांगला पाठ करून घेतला होता. माझे घर लहान पण टुमदार आहे. बाईसाहेबांनी काय लिहिलं, वाचू? 'आमच्या घरात एक जास्तीची खोली आहे. ती फक्त भांडण चालू असलं की उघडते.'"

मुलगा उठून गॅलरीत गेला. घरात आवाज चढला की तो कुंड्यांना पाणी घालायला जात असे. कुंड्यांतली झाडं वर्षभर मुळांतून कुजत, ती त्यामुळेच.

नऊ वर्षांची नात भिंतीला चिकटून उभी होती. एका पायात मोजा होता, दुसरा हातात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आजी मटार सोलत बसली होती.

"बाईंनी मला शाळेत बोलावलं, आई," सून आता सासूकडे वळली. "पोरांच्या त्या एवढ्याशा खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मला! मी काय सांगायचं? घरी सगळं ठीक आहे, फक्त आमच्या सासूबाई दर शनिवारी पोरांच्या डोक्यात हवा भरतात?"

"हवा नाही भरत. कागद देते."

"तेच ते."

"पुढे काय आहे त्या खोलीत?" सासूने विचारलं.

"पुढे काही नाही! तीन ओळी लिहिल्या आणि थांबली. उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती."

"विचार करत होते," नात भिंतीला म्हणाली.

"विचार घरी करायचा. परीक्षेत लिहायचं." सुनेने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "आई, मला वाईटपणा घ्यायची हौस नाही. पण आता शनिवार बंद. हा शनिवार घ्या हवं तर, पोरांना सांगून टाका, त्यांची वह्या-पुस्तकं परत करा. पुढच्या शनिवारपासून हिला चार ते सहा निबंधाचा क्लास. मी नाव घालून आलेय."

सासूने शेवटची शेंग सोलली. दाणे मोजून पाहावेत तशी ती भांड्यात बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

ती सहसा एवढंच बोलायची. इमारतीतली मुलं तिला दोराआजी म्हणत, कारण तिच्या कपड्यांना कुठे ना कुठे पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला असे. चौतीस वर्षं तिने बाइंडिंगच्या कारखान्यात काढली होती. नवरा वारला तेव्हा हा गॅलरीत जाणारा मुलगा चार वर्षांचा होता. छापखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली एक लांब फळी होती. तिच्यापाशी सहा बायका ओळीने बसत, आणि ही त्यांच्यात सर्वांत लहान होती. छापून आलेला मोठा कागद तीनदा दुमडला की त्याची सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणायचं. असे पाच-सहा फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. इतकं तिला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं. बाकीचं तिचं ती शिकली.

त्या कामाची एक गंमत होती. एका बाईकडे एकच फर्मा असायचा. पुस्तकाच्या दोन हजार प्रती निघाल्या की दोन हजार वेळा तीच सोळा पानं दुमडायची. हात चालू असताना डोळे रिकामेच, ते ओळींवरून फिरत. त्यामुळे दोराआजीने शेकडो पुस्तकं वाचली होती, पण प्रत्येकाची फक्त सोळा पानं, आणि तीसुद्धा बहुतेक मधलीच. एका कादंबरीतली बाई बोटीतून उतरते, तिच्या हातात रिकामा पिंजरा असतो, आणि सोळा पानांनंतर ती एका घराच्या दाराशी उभी असते. पिंजरा कोणाचा? त्यात काय होतं? दार उघडलं की नाही? आधीचा फर्मा शेजारच्या चष्मेवालीकडे होता आणि पुढचा पलीकडच्या मावशींकडे. पण त्यांना विचारायचं नाही, हा बायकांनी आपसांत केलेला नियम होता. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकीने आपापल्या मनाने आधीचं आणि नंतरचं सांगायचं. एका पुस्तकाची अशी सहा पुस्तकं व्हायची. चष्मेवालीच्या सगळ्या गोष्टींत शेवटी नवऱ्याला पश्चात्ताप व्हायचा.

मालकांनी एकदा दिवाणखान्यात ठेवायला म्हणून तिला त्या पिंजऱ्याच्या कादंबरीची अख्खी प्रत दिली. तिने ती कधी उघडली नाही.

"वाच की," मुलगा म्हणायचा.

"नको. पिंजऱ्यात पोपट निघाला तर?"

तिच्या मते त्या बाईने पिंजऱ्यात घड्याळ ठेवलं होतं, बोटीवर कोणी चोरू नये म्हणून. पिंजऱ्याकडे चोराचं लक्ष जात नाही. यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

गुडघे गेले तेव्हा तिने काम सोडलं. पहिला महिनाभर ती घरातल्या वस्तू पुसत राहिली. पुसून पुसून कपाटाचा रंग उडाला. मग एका शनिवारी खालच्या टेलरच्या जुळ्या मुली वर आल्या, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं आणि बापाने त्यांना हाकललं होतं. दोघी एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. दोराआजीने एक मोठा कागद घेतला, तीनदा दुमडला आणि कडा कापून त्याचा फर्मा केला. मधलं पान उघडून त्यावर एकच ओळ लिहिली: 'आणि पूल परत आला.'

"हे मधलं," ती म्हणाली. "तू आधीचं लिही, ही नंतरचं लिहील. एकमेकींना विचारायचं नाही."

दोन तास घरात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. पुढच्या शनिवारी चार मुलं आली. आता नऊ यायची.

नियम कारखान्यातलेच होते. खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, म्हणजे आधी काय सुचलं होतं ते दिसत राहतं. पहिलं पान कोरं सोडायचं, गोष्टीचं नाव सगळ्यात शेवटी, कारण कव्हर शेवटी चढतं. शेवट झाल्याशिवाय पुस्तक शिवायचं नाही. शुद्धलेखन ती बघत नसे. "ते शाळेचं काम. मी बाइंडर आहे." 'छान' असंही ती कधी म्हणायची नाही. ती फक्त प्रश्न विचारायची आणि ते फार अडचणीचे असायचे. इमारतीत एक मुलगा होता, त्याला सगळे काका म्हणत, कारण तो प्रत्येक गोष्टीला दोनदा 'का' विचारायचा. त्याने लिहिलं की जिन्यातून देवमासा वर आला.

"येऊ दे. पण वळणावर वळला कसा?" दोराआजीने विचारलं. "जिना किती रुंद आहे आपला?"

काकाने जुळ्यांच्या बापाची टेप आणली, तिन्ही मजल्यांची वळणं मोजली, आणि घाम पुसत येऊन जाहीर केलं की देवमासा अजून लहान होता.

"मग त्याची आई कुठे होती?" दोराआजी म्हणाली. त्यावर काकाने पुढची अकरा पानं लिहिली. हाच मुलगा शाळेत पाच ओळींच्या वर जात नसे.

सुनेचीही बाजू होती, आणि ती खोटी नव्हती. वीजबिलाच्या कचेरीत ती तक्रारींच्या खिडकीवर बसायची. सकाळी साडेनऊपासून माणसं त्या अर्धगोल भोकातून तोंड खुपसून तिला विचारत. बिल एवढं कसं आलं? साहेब कधी येणार? मग मी आता कुठे जाऊ? शनिवारी अर्धा दिवस भरून ती घरी यायची, जेवून जरा डोळा लागतो न लागतो तोच दारात अठरा चपला, टेबलावर खळ, आणि नऊ पोरं जमिनीवर पालथी पडलेली. बाकी दिवशी घरातली माणसं होतीच. आई, माझी पट्टी? अगं, स्कूटरची चावी कुठे ठेवलीस? चावी नेहमी एकाच खिळ्याला असायची. तरी विचारत.

त्या भांडणानंतर घर शांत झालं, म्हणजे दरवाजे हळू लावले जाऊ लागले. नात कोपऱ्यात बसून काहीतरी लिहायची आणि कोणी जवळ आलं की त्यावर पालथी पडायची.

गुरुवारी सून कचेरीतून आली ती हातात झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन.

"आई, एवढं शिवून देता का? क्लासच्या सरांनी दिलेत. नमुना निबंध. सुटी पानं हरवतात." बोलून झाल्यावर आपण कोणाला काय सांगतोय ते तिच्या लक्षात आलं. ती पर्सची चेन उगाच लावू-उघडू लागली. "म्हणजे, वेळ असेल तर."

"वेळच आहे आता," दोराआजी म्हणाली. टोमणा होता की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नसे.

शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. तिने टेबल पुसलं, खळ शिजवली आणि सगळ्या पोरांची पुस्तकं काढली. शेवट झालेला असो नसो, उद्या प्रत्येकाच्या हातात शिवलेलं पुस्तक द्यायचंच, असं तिने ठरवलं होतं. नातीने सकाळी शाळेत जाताना आपले कागद तिच्या उशीखाली सारले होते. "आजी, माझंही शीव. पण शेवट झाला नाहीये." तिने ते वाचले नाहीत. शनिवारच्या आधी कोणाचं वाचायचं नाही, हाही नियम होता.

छापील फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक आकडा असतो. बाइंडर मजकूर बघत नाही, तो आकडा बघतो. चौतीस वर्षांत दोराआजीचा एक फर्मा इकडचा तिकडे झाला नव्हता. कारखान्यात नव्या मुलींना तिचं उदाहरण देत. पण झेरॉक्सवर आकडे नव्हते. ती एकाच बाजूने काढलेली, घडी घातली की बाहेरून कोरी. नातीनेही नियमाप्रमाणे पहिलं पान कोरं सोडलेलं. दोन्ही कागद एकाच दुकानातले. आणि दोराआजीचं लक्ष हाताकडे नव्हतं. उद्या मुलांना काय सांगायचं, ते वाक्य ती मनात जुळवत होती. 'मला आता जमत नाही' म्हणावं, तर खोटं. 'घरच्यांना चालत नाही' म्हणावं, तर सुनेचं नाव खराब. तिने भोकं पाडली, मेण लावलेला दोरा ओढला, कापडी पट्टी चिकटवली, आणि सगळी पुस्तकं फळीखाली दाबून वर दगडी पाटा ठेवला. वाक्य काही जुळलं नाही.

शनिवारी दोन वाजता सून घरी आली, जेवली, जरा पडली आणि साडेतीनला निबंधांचं पुस्तक हातात घेतलं. पानं उलटली, शिलाई ओढून बघितली.

"बाई गं, दुकानातल्यासारखं झालंय," ती मनापासून म्हणाली. मग नातीला हाक मारली. "ये, बस. चारपर्यंत एक निबंध होतो. मी वाचते, माझ्यामागून म्हण. माझे घर लहान पण टुमदार आहे."

"माझे घर लहान पण टुमदार आहे," नात म्हणाली.

"घरात चार माणसे प्रेमाने राहतात."

"घरात चार माणसे प्रेमाने राहतात."

"घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत," सुनेने पान उलटलं, मधली दोन कोरी पानंही उलटली, आणि त्याच सुरात पुढे वाचलं, "आई बाहेर भांडते तेव्हा ती त्या खोलीतही असते."

"आई बाहेर," नातीने सुरुवात केली आणि तोंडावर हात ठेवला.

सून थांबली. अक्षर चांगलं होतं, ते खरंच. तिने पुढचं वाचलं, आधी मोठ्याने, मग हळू.

'आतली आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसते. तिला कोणी पट्टी कुठे आहे विचारत नाही. चावी कुठे आहे विचारत नाही. खोलीत घड्याळ नाही पण खिडकी आहे आणि तिला भोक नाही. बाबा या खोलीत येऊ शकत नाहीत कारण भांडण सुरू झालं की ते गॅलरीत जातात. आजीला खोली माहीत आहे. ती दाराच्या फटीतून कोरे कागद आत सरकवते. आई त्यांची विमानं करते. भांडण संपलं की खोली बंद होते आणि आईला बाहेर यावं लागतं. म्हणून मी कधीकधी उलट उत्तर देते म्हणजे भांडण थोडं लांबतं कारण आतल्या आईला अजून बसायचं असतं. पण एकदा काय झालं, भांडण संपलं तरी दार'

पुढे पुन्हा कोरं पान, आणि ते उलटल्यावर छापलेलं होतं: 'आमच्या घराभोवती सुंदर बाग आहे.'

"दार काय?" सुनेने विचारलं.

नात टेबलाच्या कडेवरची वाळलेली खळ नखाने खरवडत होती.

"दार काय झालं?"

"माहीत नाही अजून. आज लिहिणार होते."

दोराआजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती. तिने सुनेच्या खांद्यावरून पाहिलं, मग पुस्तक आडवं करून शिलाईकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. ती फळीपाशी गेली, नातीचं पुस्तक उघडलं. आत 'वर्तमानपत्राचे महत्त्व' होतं.

"फर्मा चुकला," ती म्हणाली. "माझ्या हातून."

मुलगा वर्तमानपत्रातून डोकं काढून हसला. "आई, चौतीस वर्षांत नाही चुकला आणि नेमका आज? खरं सांग."

"खरं सांग काय? मुद्दाम चुकवून मी माझ्याच कामाला बट्टा लावीन?" तिचा आवाज इतका चढलेला घरात कोणी ऐकला नव्हता. मुलाने सवयीने गॅलरीकडे पाहिलं, मग बायकोच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि खुर्चीतच बसून राहिला. दोराआजीने ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. "आण इकडे. उसवते आणि नीट लावून देते. दहा मिनिटांचं काम आहे. तुझं तुला, तिचं तिला."

तिने हात पुढे केला. सुनेने पुस्तक दिलं नाही. तिने बोट त्या पानात तसंच खुपसून ठेवलं होतं.

"राहू दे, आई."

"राहू दे कसं? बागेच्या आधी हे? वाचणारा काय म्हणेल?"

"मीच वाचणार आहे ना?"

बेल वाजली. जुळ्या होत्या, त्यांच्या मागे टेप गळ्यात घातलेला काका, आणि जिन्यात आणखी चपला वाजत होत्या. दोराआजी ब्लेड हातात घेऊनच दाराशी गेली. तिने काल जुळवायला घेतलेलं वाक्य अजून अर्धंच होतं. मुलं तिच्या बाजूने आत शिरली आणि आपापल्या जागी जमिनीवर बसली. फळीखालची पुस्तकं बघून एक जुळी किंचाळली, "आमचं शिवलं! पण आमचा शेवट कुठे झालाय?"

"ऐका रे," दोराआजी म्हणाली. तिने सुनेकडे पाहिलं, मग ब्लेडकडे. "आज... आज सगळ्यांनी आधी हात धुऊन या."

पोरं मोरीकडे पळाली. सून अजून टेबलाशीच होती. तिने ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं होतं, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

"त्या खोलीत खुर्ची एकच का गं?" तिने नातीला विचारलं.

नातीने विचार केला. खिडकीबाहेर बघत, बराच वेळ. सुनेने या वेळी तिला टोकलं नाही.

"दुसरी ठेवली तर कोणीतरी येऊन बसेल," नात शेवटी म्हणाली.

तेवढ्यात मुलगा उठला, खिसे चाचपले आणि म्हणाला, "अगं, स्कूटरची चावी कुठे ठेवलीस?"

सून उभी राहिली. एका हातात पुस्तक, बोट त्याच पानात. दुसऱ्या हाताने तिने आपली खुर्ची पाठीला धरून उचलली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि कचेरीत खिडकी बंद करताना ज्या आवाजात सांगत असे त्याच आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"क्लास रविवारी सकाळी. सरांशी मी बोलेन. शनिवारी चार ते सहा पोरं इथे बसतील, मी आत बसणार. त्या दोन तासांत मला कोणीही काहीही विचारायचं नाही. चावीसुद्धा."